पावणं, गाव कंचं?

साताऱ्याच्या एसटी स्टँडवर शेजारी टेकलेला माणूस पाच मिनिटांत तीन प्रश्न विचारतो. पहिला, "पावणं, गाव कंचं?" दुसरा, "आडनाव काय म्हणालात?" तिसरा सहसा पुरता विचारला जात नाही. आडनावावरून उलगडा झाला नाही, तर "म्हणजे... कोणापैकी?" एवढं पुटपुटून तो तुमच्या तोंडाकडे बघत राहतो. पुण्या-मुंबईत भाड्याचं घर शोधायला गेलात तर तिथला एजंट यातलं काही विचारत नाही. तो म्हणतो, "फॅमिली आहे ना? व्हेज का नॉनव्हेज?" मग तुमचं पूर्ण नाव लिहून घेतो आणि दोन दिवसांनी कळवतो, की ओनरच्या भाच्याचं अचानक ठरलं, तोच राहायला येतोय.

चौकशी दोन्हीकडे एकच चालू असते. गावात ती उघड होते आणि शहरात सभ्यपणे, एवढाच फरक. तरीही आपल्याकडे दोन समजुती घट्ट बसल्या आहेत. पहिली अशी, की शहरात सतराशे साठ प्रकारची माणसं एकत्र राहतात, त्यामुळे ती आपोआप मोकळ्या मनाची होतात. भेदभाव हे खेड्याचं, लहान गावाचं दुखणं. दुसरी याच्या बरोब्बर उलट: गावात माणुसकी असते, शहरात कोणी कोणाचं नसतं. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना हा वाद नीट तपासता येतो, कारण इथल्या असंख्य घरांचा एक पाय पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत आहे. परका ठरवला जाणं आणि परका ठरवणं, हे दोन्ही आपण केलं आहे, बऱ्याचदा एकाच आयुष्यात.

घाटी ते भय्या

आधी आपल्या वाट्याला आलेला शब्द घेऊ. सह्याद्रीचे घाट उतरून खाली आला तो घाटी. शब्दाचा मूळ अर्थ निव्वळ भूगोलाचा. पण मुंबईत आणि कोकणात तो उच्चारताना त्यात अडाणी, राकट, बोलण्याचालण्याची रीत नसलेला असं बरंच काही मिसळलं गेलं. गोव्यात तर कर्नाटकातून आलेल्या मजुरालाही तो चिकटला. पाटण, जावळी, खटाव, माण, शिराळा या भागांतली माणसं गोदीत, गिरण्यांत आणि घाऊक बाजारांत ओझी उचलायला गेली. एका गावाची एक खोली, पाळीपाळीनं झोपणारे वीस-पंचवीस जण, डबा देणारी खानावळवाली. मुंबईचा माल त्यांनी पाठीवर वाहिला आणि मुंबईनं त्यांना घाटी म्हटलं.

हे बदललं कसं, हे पाहण्यासारखं आहे. मूळच्या पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी या हमालांची संघटना बांधली, आणि त्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. नोंदणी, मंडळ, ठरलेली मजुरी, भविष्यनिर्वाह निधी. व्यापाऱ्याच्या मनातला घाटी काही एका रात्रीत पुसला गेला नाही. पण मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, तेव्हा त्या शब्दाला पूर्वीसारखं पोट मारता येईना. शिवी तोंडात राहिली, तिचे दात मात्र पडले. हा धागा लक्षात ठेवू, पुढे तो लागणार आहे.

१९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली तेव्हा मुंबईतला राग दाक्षिणात्य कारकुनावर होता, त्याच्या लुंगीवर होता. २००८ मध्ये तो उत्तर भारतीय टॅक्सीवाल्यांवर आणि रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उमेदवारांवर निघाला. ज्यांच्या आजोबांना घाटी म्हणून हिणवलं होतं, त्यांच्या नातवांच्या तोंडी भय्या हा शब्द बसला. हिंदीत भय्या म्हणजे भाऊ. मराठीत येताना त्यातला भाऊ गळाला. आज तोच शब्द सातारा-सांगलीत फरशी बसवणाऱ्याला, रंगाऱ्याला, पाणीपुरीवाल्याला लावला जातो. मोमोच्या गाड्यावरचा मुलगा मणिपूरचा की दार्जिलिंगचा, हे कोणी विचारत नाही; तो नेपाळी, नाहीतर चायनीज.

याला वंशवाद म्हणायचं का, हा प्रश्न नेहमी पुढे येतो. २००१ मध्ये दरबान इथल्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत जात हा विषय घ्यावा म्हणून दलित संघटनांनी जोर लावला. जात म्हणजे वंश नव्हे, अशी भूमिका घेऊन भारत सरकारनं त्याला विरोध केला. जातीला वांशिक उगम नाही, हे खुद्द डॉ. आंबेडकरांनीही मांडलं होतं. शास्त्राच्या अंगानं ते खरं आहे. पण जन्मावरून माणसाची पायरी ठरवणं, त्याचं पाणी, घर आणि लग्न त्यावर तोलणं, ही रीत दोन्हीकडे सारखीच चालते. हे ओळखणारा पहिला मोठा माणूस मुळात आपल्याच मुलखातला. जोतीराव फुल्यांचं घराणं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेतल्या काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या लोकांना. पुढे १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिनं तर नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. म्हणून नावाच्या वादात न अडकता रोजच्या वागण्यातला भेद हाच या लेखाचा विषय ठेवतो.

मसूरची बैलगाडी, बडोद्याची सराई

गाव आणि शहर यांची तुलना ज्यानं स्वतःच्या अंगावर केली, असा साक्षीदार साताऱ्याकडेच आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव रामजी आंबेडकर यांचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात घातलं गेलं. आजचं ते प्रतापसिंह हायस्कूल. आंबेडकरांनी पुढे इंग्रजीत लिहिलेल्या छोट्या आत्मकथनात या गावच्या आठवणी आहेत. बसायला घरून आणलेलं गोणपाट. शिपाई असेल तरच पाणी, कारण नळाला हात लावायचा नाही. गावात न्हावी पुष्कळ आणि पैसेही देता आले असते, पण केस कापायची थोरली बहीण.

१९०१ च्या सुमारास भीमराव आणि घरातली इतर मुलं वडिलांना भेटायला निघाली. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. मुलं मसूर स्टेशनवर उतरली. कपडे नीटनेटके, त्यामुळे स्टेशनमास्तर आधी आपुलकीनं बोलला. जात कळली आणि त्याचा चेहराच पालटला. एकही गाडीवान तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी: भाडं दुप्पट, गाडी मुलांनी हाकायची, आणि गाडीवान बाजूनं चालत येणार. वाटेत पाणी मिळालं नाही. स्वतःला मुसलमान म्हणवून पाहिलं, तरी मिळालं नाही.

आता शहर. १९१७ मध्ये न्यूयॉर्क आणि लंडन पाहून आलेले आंबेडकर नोकरीसाठी बडोद्याला गेले. सयाजीरावांची राजधानी, त्या काळातलं पुढारलेलं नगर. तिथं त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी सराईत पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. उरलेला वेळ एका बागेत काढून ते मुंबईला परतले.

म्हणजे मसूरला चेहऱ्यावरून कळलं नाही म्हणून विचारलं गेलं आणि बडोद्यात नाव लपवलं म्हणून काही दिवस निभावलं. शहरानं जे दिलं ते एवढंच, नाव लपवण्याची सोय. ही सोय लहान नव्हे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना आंबेडकरांनी खेड्याला घटनेचा पाया मानायला साफ नकार दिला आणि खेडं म्हणजे संकुचितपणाचं, अज्ञानाचं डबकं आहे, या अर्थाचे कडक शब्द वापरले. त्यांच्या अनुयायांनी गाव सोडून शहर धरलं ते उगाच नव्हे. लोकलच्या गर्दीत शेजाऱ्याला कोणापैकी विचारायला सवड नसते. पण बडोद्याचा अनुभव सांगतो, की लपवण्याची सोय आणि बरोबरीची जागा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

शहराची सभ्य दारं

आकडे काय म्हणतात? २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात घरोघरी विचारलं गेलं, की तुमच्याकडे कोणत्याही रूपात अस्पृश्यता पाळली जाते का. देशभरात २७ टक्के घरांनी हो म्हटलं. ग्रामीण भागात हे प्रमाण सुमारे ३० टक्के, शहरी भागात २० टक्के. कबूल करणाऱ्यांचेच हे आकडे आहेत. शहर थोडं बरं, पण पाचातलं एक घर म्हणजे काही बरं नव्हे.

दिल्ली परिसरात सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी भाड्याच्या घरांची पाहणी केली. ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. घरमालकांना सवर्ण, दलित आणि मुस्लीम नावांनी फोन केले गेले. सवर्ण नावाला नकार मिळाला नाही. दलित नावाला सुमारे १८ टक्के आणि मुस्लीम नावाला सुमारे ३१ टक्के ठिकाणी थेट नाही म्हटलं गेलं. अटी घालून टोलवलेले वेगळेच. त्याआधी, २००७ मध्ये, थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी नोकरीच्या अर्जांची अशीच परीक्षा घेतली होती. पात्रता तीच, नाव बदललं की बोलावण्याची शक्यता घटायची.

वस्त्यांचंही तसंच. २०२३ मध्ये देशातल्या पंधरा लाख वस्त्यांचा अभ्यास पुढे आला. मुस्लीम आणि अनुसूचित जाती शहरांतही जवळपास खेड्याइतक्याच वेगळ्या पडून राहतात, आणि अशा वस्त्यांना शाळा, दवाखाने, पाणी कमी मिळतं, असं त्यातून दिसलं. म्हणजे महारवाडा गावकुसाबाहेर होता, तो शहरात येऊन फक्त दुसऱ्या नावाच्या नगरात बसला. वरच्या बाजूला कायद्याचाही टेकू आहे. गुजरातमधल्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवणारा नियम ग्राह्य धरला. मुंबईतल्या शाकाहारी सोसायट्यांना तर लेखी नियमाचीही गरज पडत नाही. मासळीचा वास हे कारण पुरतं.

चेहरा निराळा असला की नाव लपवण्याची सोयही संपते. जुलै २०१२ मध्ये आसामात हिंसाचार झाला. त्याच्या अफवांनी ऑगस्टमध्ये पुणे, बंगळूर इथली ईशान्य भारतीय मुलं-मुली गुवाहाटीच्या गाड्या धरून निघाली. पुणं हे विद्येचं माहेरघर, आणि तिथं काही दिवस या मुलांना रस्त्यावर फिरायची भीती वाटत होती. जानेवारी २०१४ मध्ये अरुणाचलच्या निडो तानिया या तरुणाला दिल्लीच्या बाजारात केसांवरून डिवचलं गेलं आणि मारहाणीनंतर त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीनं वांशिक शेरेबाजीसाठी स्वतंत्र कलम असावं, अशी शिफारस केली. २०१६ मध्ये बंगळुरात टांझानियाच्या विद्यार्थिनीवर जमाव धावून गेला. २०२० च्या मार्चमध्ये ईशान्येच्या मुलांना रस्त्यात ‘कोरोना’ म्हणून हाका मारल्या गेल्या. ही सगळी देशातली सर्वांत मिसळलेली शहरं आहेत.

तरी शहराला एक श्रेय द्यावंच लागतं. सुसान वेसेनडॉर्फ या अभ्यासक बाईंनी लंडनच्या हॅकनी भागावर २०१४ मध्ये पुस्तक लिहिलं. रस्त्यात, बाजारात, शाळेच्या फाटकापाशी तिथले लोक एकमेकांच्या वेगळेपणाला इतके सरावले आहेत, की त्याचं काही वाटत नाही. पण संध्याकाळी घरात ज्याचे त्याचे पाहुणे ज्याच्या त्याच्या रंगाचे. पुण्या-मुंबईचं वर्णन यापेक्षा निराळं करता येणार नाही. रस्त्यावरची सवय हीसुद्धा कमाई आहे. ती उंबऱ्याच्या आत येत नाही, एवढंच.

एकजिनसी गाव हा भास

आता आपल्याकडे वळू. सातारा-सांगली म्हणजे सगळा मराठी, सगळा आपला मुलूख, असं आपण म्हणतो. ते पुरतं खरं नाही. एकोणिसाव्या शतकात महाबळेश्वरच्या तुरुंगात चिनी आणि मलायी कैदी होते. त्यांनी तिथं बटाटे आणि भाजीपाला पिकवला. १८६४ मध्ये तुरुंग मोडला. चायनामन हे धबधब्याचं नाव मागं राहिलं. पाचगणीच्या शाळांत पारशी, बोहरी, इराणी मुलं पिढ्यान्‌पिढ्या शिकली. झांझिबारचा एक पारशी मुलगा तिथल्या सेंट पीटर्स शाळेत होता, तो पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. जत आणि मिरज तालुक्यांतल्या कितीतरी घरांत आजही कन्नड बोलतात. मिरजेत शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांचे वंशज सतारी आणि तंबोरे घडवू लागले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ सगळ्या धर्मांचे गवई गातात, आणि डॉ. वानलेस यांच्या मिशन रुग्णालयात कोकणापासून कर्नाटकापर्यंतचे रुग्ण एका वॉर्डात झोपले. शेजारच्या कोल्हापुरात वळिवड्याला १९४३ ते ४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहून गेले.

विविधता होती, आहे. पण तिनं आपल्याला वाचवलं का? मिरजेचंच घ्या. सतारीच्या आणि दर्ग्याच्या या गावात सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवातल्या अफझलखानाच्या चित्राच्या कमानीवरून दंगल पेटली आणि दिवसचे दिवस संचारबंदी लागली. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या आक्षेपार्ह मजकुराचं निमित्त होऊन जमाव मशिदीवर गेला, एकाचा जीव गेला. त्याच वर्षी मिरज तालुक्यातल्या बेडगमध्ये डॉ. आंबेडकरांच्या नावाची कमान पाडली गेली, म्हणून दलित कुटुंबं गाव सोडून मुंबईच्या दिशेनं चालत निघाली. ही माणसं एकमेकांना अनोळखी नव्हती. एकाच दुकानातून तेल-मीठ नेणारी होती.

याचं सर्वांत कडू उदाहरण जुनं आहे. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण आहे हे कळल्यावर आजच्या सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘वावटळ’ कादंबरीचा विषय तोच. कुळ, सावकार, कुलकर्णी, जोशी अशा नात्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली ही गावं. कोणाच्या माजघरात काय आहे, हे सगळ्यांना ठाऊक. त्या ओळखीनं कोणाकोणाला वाचवलंही, रात्री शेजाऱ्यांनी लपवून ठेवलंही. पण त्या ओळखीनंच घर कोणतं हेही दाखवलं. आधीची उतरंड, साचलेला राग आणि एक बातमी, यांच्यापुढे शेजार कमी पडला, आणि त्याची किंमत ज्यांचा काही संबंध नव्हता अशा घरांनी मोजली.

अनोळखी माणसाचं तर विचारूच नका. १३ सप्टेंबर २०२२ रोजी जत तालुक्यातल्या लवंगा इथं उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून काठ्यांनी बडवलं. ते विजापूरकडून पंढरपूरला निघाले होते आणि त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता. त्याआधी २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात याच संशयावरून भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठार केलं होतं. मुंबईत भगव्या कपड्यातला माणूस रस्ता विचारतो तेव्हा कोणी मान वर करत नाही. लहान गावात प्रत्येक चेहऱ्याला नाव लागतं. बिननावाचा चेहरा दिसला की मोबाइलवरची अफवा त्याला नाव देऊन टाकते.

आणि परका ठरायला परप्रांत लागतोच असं नाही. दर हंगामात बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मुकादमाची उचल घेतलेली नवरा-बायको, त्यांना मिळून म्हणायचं एक कोयता. भाषा मराठी, देव तेच, तरी गावाबाहेर कोप्या, आणि गावाच्या तोंडी ‘बीडवाले’. त्याहून खाली फासेपारधी आणि कैकाडी. १८७१ च्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या या जमाती ३१ ऑगस्ट १९५२ ला कागदोपत्री मुक्त झाल्या. चोरी झाली की पहिला संशय अजून त्यांच्या पालावर जातो. फलटण तालुक्यातल्या कैकाडी कुटुंबात जन्मलेल्या लक्ष्मण माने यांनी आत्मकथनाला नाव दिलं ‘उपरा’. १९८१ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपल्याच जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला स्वतःसाठी हाच शब्द सापडला.

मिसळलं की निवळतं का?

माणसं एकमेकांत मिसळली की पूर्वग्रह कमी होतो, हा विचार १९५४ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी नीट मांडला. त्यांच्या नावावर हे एकच वाक्य सांगितलं जातं, आणि त्यांनी घातलेल्या अटी गाळल्या जातात. दर्जा बरोबरीचा हवा. उद्दिष्ट एक हवं. ते गाठायला एकमेकांची गरज पडायला हवी. आणि वरून, म्हणजे संस्था, कायदा, पुढारी यांच्याकडून, त्या मिसळण्याला पाठबळ हवं. मालकीणबाई आणि कामवाली रोज भेटतात. त्या भेटीत यातली एकही अट पुरी होत नाही. म्हणून वीस वर्षांनंतरही कपबशी वेगळीच राहते, आणि नव्या टॉवरमध्ये लिफ्टही वेगळी.

२००७ मध्ये रॉबर्ट पुटनम यांनी अमेरिकेतल्या सुमारे तीस हजार लोकांच्या पाहणीवरून नको असलेली गोष्ट सांगितली. विविधता वाढली की निदान काही काळ लोक कासवासारखे अंग आत ओढून घेतात, परक्यावरचा आणि आपल्यांवरचाही विश्वास कमी होतो. पुढच्या अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतले. दोष विविधतेचा नसून तिच्या जोडीनं येणाऱ्या गरिबीचा आणि असुरक्षिततेचा आहे, असं दाखवलं. बदलाचा वेगही महत्त्वाचा. २०१६ च्या ब्रिटनमधल्या सार्वमतात शेकडो भाषांच्या लंडननं सुमारे साठ टक्क्यांनी युरोपात राहण्याचा कौल दिला. लिंकनशायरमधल्या बोस्टन या शेतीच्या लहान गावानं ७५.६ टक्क्यांनी बाहेर पडण्याचा दिला. त्या गावात काही वर्षांतच पूर्व युरोपातले मजूर भाजीच्या शेतांवर मोठ्या संख्येनं आले होते. महाराष्ट्र मंडळ लंडन १९३२ पासून आहे. तिथल्या मराठी माणसाला शहराची सवय होती आणि शहराला त्याची. बोस्टनला सवय व्हायला वेळच मिळाला नव्हता. हे आपण वाचावं ते दूरची बातमी म्हणून नव्हे. द्राक्षबागांत, बांधकामांवर, हॉटेलांत आणि कुपवाडच्या कारखान्यांत बिहार-उत्तर प्रदेशचे हात ज्या गतीनं वाढत आहेत, ते पाहता आपण बोस्टनच्या वाटेवर आहोत.

उपायाच्या बाजूनं भारतातलेच दोन प्रयोग बोलके आहेत. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञानं उत्तर प्रदेशात गावच्या पोरांची क्रिकेट स्पर्धा भरवली. काही संघ एका जातीचे ठेवले, काही मिश्र. एका संघातून खेळलेल्या पोरांची दुसऱ्या जातींतली दोस्ती वाढली. समोरासमोर उभी ठाकली त्यांची उलट कमी झाली. मैदान एकच, फक्त बाजू निराळी. गौतम राव यांनी दिल्लीतल्या खाजगी शाळा पाहिल्या, जिथं गरीब मुलांना प्रवेश देणं सक्तीचं झालं होतं. त्यांच्याबरोबर एका वर्गात शिकलेली श्रीमंत मुलं अधिक उदार झाली आणि गरीब जोडीदार टाळेनाशी झाली. दोन्हीकडे भेट आपसूक घडली नव्हती. कोणीतरी ती रचली होती.

बोर्डिंगची चूल

हे रचणं साताऱ्याला नवं नाही. भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात शिकत होते तेव्हा अस्पृश्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले, परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करायला नकार दिला आणि वसतिगृहातून बाहेर पडले. शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातवार वसतिगृहं काढली होती. त्या काळात ज्याला शिक्षणाचं दारच नव्हतं त्याला दार मिळालं, हे त्यांचं थोर काम. भाऊरावांनी पुढची पायरी घेतली. ४ ऑक्टोबर १९१९ ला कऱ्हाडजवळ काले इथं रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह आलं आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं. तिथं मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन पोरं एका चुलीवर स्वतः रांधायची आणि एका पंगतीत जेवायची. धान्य कमी पडलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले.

ऑलपोर्टचं पुस्तक यायला अजून तीस वर्षं होती. पण अटी बघा. दर्जा बरोबरीचा, कारण भाकऱ्या सगळ्यांनीच थापायच्या. उद्दिष्ट एक, म्हणजे शिकायचं. एकाशिवाय दुसऱ्याचं भागत नाही. आणि वरून पाठबळ अण्णांचं, म्हणजे भाऊरावांचं, ज्यांच्यापुढे ब्र काढायची कोणाची छाती नव्हती. साताऱ्यासारख्या जुन्या, उतरंडीनं करकचलेल्या गावात हे घडलं. तेव्हाच्या मुंबईत, जिथं माणसं कितीतरी अधिक प्रकारची होती, तिथं चाळीचाळींत गावकीच्या आणि जातीच्या खोल्या वेगळ्या होत्या.

दुसरा दाखला बाहेर गेलेल्यांचा. विटा, खानापूर, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी पट्ट्यातली गलाईवाली मंडळी जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करायला केरळपासून पंजाबपर्यंतच्या सराफ पेठांत पोचली. तिथं ती परप्रांतीयच. तमिळ, मल्याळी, बंगाली शिकली, मुलं तिथल्या शाळांत घातली, आणि जत्रेला गावी येऊन मंदिरांना देणग्या देऊ लागली. सराफाला त्यांच्या भट्टीची आणि सचोटीची गरज होती, म्हणून त्यांना जागा मिळाली. त्या पेठांतल्या लोकांनी आपल्या विटेकराशी जसं वागावं असं आपल्याला वाटतं, तसंच आपण फरशीवाल्या बिहाऱ्याशी वागतो का, एवढा एक प्रश्न स्वतःला विचारला तरी पुष्कळ हिशेब जुळतील.

मूळ गाव

शहर चांगलं की गाव, याचं उत्तर या सगळ्यातून असं दिसतं: शहर लपायला जागा देतं, गाव ओळख देतं, आणि बरोबरी दोन्ही देत नाहीत. बरोबरी कुठं मिळाली? जिथं कोणीतरी ती मुद्दाम उभी केली तिथं. माथाडी मंडळात, बोर्डिंगच्या पंगतीत, मिश्र संघात. नुसतं जवळ असणं पुरत नाही, हे मसूरच्या गाडीवानानं दाखवूनच ठेवलंय. रस्ता एक, गाडी एक, पैसे दुप्पट घेतलेले, आणि तरी तो मैलोन्‌मैल बाजूनं चालत राहिला.

आपल्या जिल्ह्यांत हे काम आज दोन ठिकाणी होऊ शकतं, आणि दोन्ही सरकारी, साधी आहेत. एक, मजुरांची नोंदणी. बांधकामावरचा असो की बागेतला, ज्याचं नाव वहीत आहे त्याला कोणी सहज हाकलत नाही. हे घाट्यांनी मुंबईत शिकलेलं आहे. दुसरं, जिल्हा परिषदेची शाळा. आपली पोरं इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाडीतून गेली, आणि त्या शाळेच्या बाकावर आता फरशीवाल्याची, ऊसतोडवाल्याची, पारध्याची पोरं बसतात. त्यांना एकमेकांचा शेजार मिळतोय. आपल्या पोरांना तो आपणच नाकारला.

त्यातलं एखादं पोर दुसरीपर्यंत चांगलं मराठी बोलू लागतं, आपल्या ठसक्यात. काही वर्षांनी ते एसटी स्टँडवर बसेल आणि शेजारचा माणूस विचारेल, "पावणं, गाव कंचं?" ते सांगेल, सातारा. मुंबईत तिसऱ्या पिढीच्या सातारकराला अजून ऐकावा लागतो तोच प्रश्न त्यावर येईल: "ते झालं, पण मूळ गाव?"